बेंबळीची तूर, सोलापूरचा शब्द

बेंबळी,
१० जानेवारी १९४८

अक्का,

नमस्कार तुझ्या पायाशी ठेवतो आणि लगेच भांडायला बसतो. तुझ्या चार ओळींच्या पत्रात तीन ओळी माझ्या कॉलेजवर. हो, सोडलं. हैदराबादेत बाकावर बसून उर्दूत अर्थशास्त्राची उत्तरं लिहायची आणि बाहेर आपल्या जिल्ह्यातल्या एकेक बातम्या ऐकायच्या, हे मला झेपलं नाही. एका प्राध्यापकाशी वाजलं, ट्रंक उचलली, गाडीत बसलो. अप्पा तेव्हापासून माझ्याशी अव्वामार्फत बोलतात. मी समोर बसलेला असतो आणि ते आत बघून म्हणतात, "त्या विद्वानाला विचार, बैलाला पेंड घातली का."

तूर यंदा लई झाली. कोठी भरून ओसरीवर आली. आणि जायला वाट नाही. वीस वर्षांपूर्वी महालिंगप्पा मामा सोलापुरात आडत टाकून बसले, त्यांच्या मागं इथली पंचवीसएक घरं तिकडं गिरण्यांत आणि पेठेत गेली. त्या माणसांना बेंबळीच्या तुरीशिवाय वरण गोड लागत नाही. मामा त्यांच्याशी आपल्या कन्नडात बोलतात, अप्पांशीही कन्नडात. म्हणून आपली तूर सोलापूरला जाते, दुसरं काही कारण नाही. लातूरचा खरेदीदार जास्त भाव देतो, पण अप्पा त्याला ओसरीवर घेत नाहीत. का, तर म्हणे, "त्याला आपली भाषा येत न्हाय. उद्या वांदा झाला तर भांडायचं कुणाच्या भाषेत?"

ऑगस्टपासून हैदराबाद संस्थानातल्या आपल्याला सोलापूर परदेश झाला. तुझं सासर परदेशात आहे, अक्का, बैलगाडीनं दोन दिवसांवर. पूर्वी नाक्यावर जकात भरली की गाडी सुटायची. आता तिकडून मीठ-रॉकेल येत नाही, इकडून दाणा जात नाही. जे काही जातं ते दगडोबासारखे गाडीवान आडवाटेनं नेतात. हे पत्रही तोच आणतोय, टपालावर माझा भरवसा राहिला नाही.

आणि माणसांवरही. वाशीकडच्या एका गावात महिन्यापूर्वी एक अनोळखी गृहस्थ आला, गोड बोलला, कुणाच्या घरात काय माल आहे ते विचारून गेला. आठवड्यात तीच घरं लुटली गेली. तेव्हापासून आपल्या पेठेत नवा माणूस दिसला की दुकानांच्या फळ्या अर्ध्या लागतात.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. लक्ष्मम्मा. मामाची लेक, म्हणजे रीतीनं विचारण्याचा हक्क आधी आपल्या घराचा. हे मामांना ठाऊक आहे, मग ते गप्प का? मागच्या उन्हाळ्यात तिनं मला विचारलं होतं, "हैदराबादेत कन्नड विसरलास काय रे?" मी म्हणालो, तुझ्याशी बोलण्यापुरतं ठेवलंय. ती हसली नाही, पण बसायला पाट सरकवला. त्या पाटावर मी अजून बसलेलो आहे, असं समज.

मामांपुढं विषय काढ. नाही काढलास तर मी पायी येतो.

तुझा ईरण्णा

*

सोलापूर,
२४ जानेवारी १९४८

ईरण्णा,

पायी बियी यायचं नाही. परवाच नाक्याजवळून परत फिरलेली दोन पोरं आमच्या गल्लीत आली, एकाचा हात मोडलेला. रेवणसिद्धेश्वराच्या देवळामागं तिकडून आलेल्या माणसांनी राहुट्या टाकल्यात, रोज भर पडतेय. तुझ्या दाजींनी ओसरीवर एक कुटुंब ठेवून घेतलंय. म्हातारी रात्रंदिवस दाराकडं बघते. मला कन्नडात लिहिता आलं असतं तर तुला धड रागावले असते. शाळेत शिकवलं मराठी, आणि मराठीत मला रागावता येत नाही.

विषय काढला. मामा आधी पान लावत बसले. मग अप्पांचं नाव घेत म्हणाले, "शिवलिंगप्पांच्या घरातला एक जण इकडं असायला पाहिजे. दोन राज्यं झाली, आता नुसत्या निरोपावर धंदा चालणार न्हाय. इकडची बोली, तिकडची उर्दू, दोन्ही जाणणारा माणूस गादीवर पाहिजे." एवढंच. तुझं नाव घेतलं नाही, पण असा दुसरा कोण आहे आपल्या घरात?

हेही ऐकून ठेव. विजापूरकडच्या सूतवाल्यांचं स्थळ आलंय. मोठी माणसं आहेत, नाक्यानाक्यावर त्यांची ओळख. मामी त्यांना चहा देते आणि माझ्याकडं बघत नाही.

लक्ष्मम्मा बरी आहे. तिनं निरोप दिलेला नाही, म्हणून मी काही लिहीत नाही. तू राईचा डोंगर करतोस.

एकच सांगते. अप्पा घरात असोत नसोत, दारी येणाऱ्या-जाणाऱ्याशी नीट बोल. जिभेला जरा वेसण घाल. याहून जास्त मला लिहिता येत नाही, गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून शब्द दिलाय.

चन्नम्मा

*

बेंबळी,
२ मार्च १९४८

अक्का,

तुझा इशारा बरोबर कामाला आला. कसला शब्द दिलास आणि कुणाला, ते नंतर विचारीन. पण तू "नीट बोल" लिहिलंस ते मला पक्कं समजलं, आणि मी असा बोललो की पुढचा माणूस परत बेंबळीत पाऊल टाकणार नाही.

झालं असं. अप्पा माकणीला गेले होते, तिथले चुलतकाका लिंगैक्य झाले, त्यांच्या मातीला. मी ओसरीवर एकटा. उन्हं कलली होती. एक म्हातारा आला. कपाळाला विभूती, खांद्यावर घोंगडी, पायात धूळ. "शरणु शरणार्थी" म्हणाला आणि असं काही गोड कन्नड बोलायला लागला की मला लगेच वास आला. तूर आहे का, म्हणाला. किती आहे. तराजू तुमचा की बाजारातला. मग म्हणे, घरात माणसं किती, धाकटा मुलगा काय करतो, कुणाच्या संगतीत असतो. सांग, तूर घ्यायला आलेल्या माणसाला माझ्या संगतीचं काय करायचं?

मी ठरवलं, आपल्याला कन्नड येतच नाही. त्याच्या तोंडाकडं बघून म्हणालो, "क्या होना?" तो बावरला. पुन्हा कन्नडातच सांगायला लागला, सावकाश, लहान पोराला सांगतात तसं. मी म्हणालो, "यहाँ कोई तूर नहीं। जाओ।" तर खाली टेकला आणि म्हणाला, "नीर कोडु, तम्मा." पाणी दे, बाळा. तम्मा म्हणतो मला. ह्यांना हेच शिकवून पाठवतात. मी समजलोच नाही असं दाखवलं. तो हाताची ओंजळ करून दाखवायला लागला. आतून अव्वा तांब्या घेऊन येत होती, तिला मी डोळ्यांनीच थांबवली. अव्वा चार दिवस बोलली नाही माझ्याशी. आता घरात माझ्याशी बोलणारं कुणीच नाही, पण मला त्याचं काही नाही.

तो उठून गेला तसा मी मागच्या बोळातून पुढं पळालो आणि पेठेत सगळ्यांना सांगितलं, अमुक वर्णनाचा माणूस येतोय, टेहळणीला आलाय. कुणी दार उघडलं नाही. दिवस बुडायच्या आत गावाबाहेर गेला. पेठेतल्या मंडळींनी माझी पाठ थोपटली.

मामांना हे सांग. गादीवर बसवायचं तर माणूस असा सावध पाहिजे की नाही? लक्ष्मम्माच्या कानावर पडेल अशा बेतानं सांग.

ईरण्णा

*

सोलापूर,
१३ मार्च १९४८

ईरण्णा,

दगडोबानं तुझं पत्र दिलं. उभ्यानं वाचत होते, खाली बसले. वाचून झाल्यावर चुलीत घातलं. इथं ते कुणी वाचू नये.

ते सोमलिंगकाका होते. मामीचे थोरले भाऊ. म्हणजे लक्ष्मम्माचे सोदरमामा.

तुला कसं आठवलं नाही रे? आपल्यात मुलगी द्यायच्या आधी तिचा सोदरमामा गिऱ्हाईक होऊन मुलाच्या दारी जातो. सांगून गेला तर ती पारख कसली. तराजू कसा धरतात, आल्या माणसाला आधी पाणी विचारतात की आधी माल, घरातली बाई कुठल्या आवाजात बोलते, हे तो बघतो. अप्पांच्या दारी अव्वाचा मामा असाच गूळ घ्यायला आला होता, दर सणाला अव्वा ती गोष्ट सांगते आणि आपण हसतो. मला आधी कळवायची बंदी होती. तरी मी जेवढं लिहिता येईल तेवढं लिहिलं होतं.

पसंत पडलास तर तुला बरोबर घेऊनच यायचं, असं त्यांना मामांनी सांगितलं होतं.

पण आता हे सगळं राहू दे. काका अजून परत आलेले नाहीत. आम्ही समजत होतो, ते आपल्याच घरी आहेत, अव्वाच्या हातचं खातायत, वाट मोकळी व्हायची वाट बघतायत. शिवरात्रीला परत येणार म्हणून मामीनं त्यांचं ताट वाढून ठेवलं. तुझं पत्र वाचल्यावर मला कळलं की ते तुमच्याकडं नाहीत. आणि हे या घरात फक्त मला कळलंय. मामी रोज विचारते, "बेंबळीहून काही?" मी म्हणते, "न्हाय." मला मराठी, उर्दू, कन्नड कशातही खोटं बोलता येत नव्हतं, आता येतं.

काकांना कन्नडाशिवाय एक अक्षर येत नाही. कुणी हटकलं तर काय सांगतील? वय साठीच्या पुढं. घोंगडीशिवाय जवळ काही नव्हतं.

लक्ष्मम्मा त्यांच्या मांडीवर वाढलेली आहे. ती जेवत नाही.

काका शोध. बाकी मला काही सांगू नकोस.

चन्नम्मा

*

तुळजापूर रस्त्यावरचं एक गाव, नाव लिहीत नाही
३० मार्च १९४८

अक्का,

सोमलिंगकाका सापडले. जिवंत आहेत. आधी आत जा, मामीला एवढं सांग, मग पुढचं वाच.

तुझं पत्र आल्यावर मी अप्पांना सगळं सांगितलं. वाटलं मारतील. त्यांनी माझ्याकडं बघितलं, किती दिवसांनी, आणि स्वतः माझ्याशी बोलले. म्हणाले, "आमच्या दारातून माणूस तहानलेला गेला." मग उठून तुरीवर घोंगडं टाकलं आणि तिच्याकडं पाठ करून बसले. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं.

मी निघालो. कन्नड बोलणारी घरं धरत गेलो, कारण काका दुसऱ्या कुणाच्या दारी जाऊन काय बोलणार? दार वाजवायचो, "शरणु शरणार्थी" म्हणायचो, आणि विचारायचो, विभूती लावलेले, घोंगडीवाले एक म्हातारे इकडं आले होते का? अक्का, माणसं माझ्या तोंडाकडं बघायची आणि त्यांचे डोळे मिटल्यासारखे व्हायचे. अनोळखी पोरगा, गोड कन्नड, एका म्हाताऱ्याची चौकशी. कोण उत्तर देईल? एका दारात बाई म्हणाली, "आमास्नी ती भाषा येत न्हाय." आणि आत कुणीतरी लेकराला कन्नडात थोपटत होतं, मला ऐकू येत होतं. मी तिथंच उभा राहिलो. ती म्हणाली, "जा की आता." गेलो.

पुढच्या गावात तर दोघं काठ्या घेऊन वेशीपर्यंत मागं आले. मी त्यांना कन्नडात शपथा घातल्या. जितकं चांगलं कन्नड बोलावं तितकी त्यांची पावलं जवळ यायची.

मग मी बोलणंच सोडलं. चालत राहिलो. या गावाशी आलो तेव्हा तोंडाला कोरड पडली होती. एका झोपडीतून कापूस पिंजण्याचा आवाज येत होता. आत लाडलेसाब पिंजारी. त्याच्याशी कन्नड बोलायचा प्रश्न नव्हता, उर्दूत पाणी मागितलं. त्यानं दिलं, वरून खाली न्याहाळलं, आणि विचारलं, "तुमना वो लिंगायताँ की बोली आती क्या?" मी हो-नाही करत होतो, भीतीच वाटली. तो म्हणाला, "आती होगी तो अंदर आओ. एक बुड्ढा है. महिने भर से बाताँ करता, हमना एक बात समझती नै."

आत बाजेवर काका होते. आमच्या गावातून निघाल्यावर कुणी दार उघडलं नाही, उघड्यावर झोपले, ताप भरला, रस्त्याकडेला पडले. लाडलेसाब कापूस घेऊन येत होता, त्यानं गाडीत घातलं. काका त्याच्या घरची भाकरी खाईनात, म्हणून इथल्या एका लिंगायताच्या घरी भाकरी मागायला गेला तर त्यांनी कडी लावून घेतली. मग त्याच्या बायकोनं शेळीचं दूध पाजलं, परक्या घरचं दूध आपल्या रीतीत चालतं हे तिनं कुठून ओळखलं कुणास ठाऊक. खुणांवर महिना काढला त्यांनी.

काकांनी मला ओळखलं. मी पाय धरले. ते म्हणाले, "बंद्या, तम्मा? आलास, बाळा? पाय धरणं नंतर. आधी या माणसाला विचार, त्याच्या बायकोचं नाव काय. मी तिच्या हातचं दूध पितोय आणि नाव माहीत न्हाय." मी विचारलं. मग म्हणाले, विचार, इतका कापूस पिंजून ठेवलाय, गाद्या का शिवत न्हाय? लाडलेसाब म्हणाला, खोळीला कापडच मिळत नै, सोलापूरचा माल बंद. काका उठून बसले, अक्का. तापातून उठलेला माणूस. म्हणाले, "त्याला सांग, मांजरपाट मी पाठवतो, कापूस त्यानं द्यावा." मी सांगितलं. लाडलेसाब म्हणाला, "हौ, पर कपडा पैले आना." मी ते सांगितल्यावर काका हसले, "हा आपलाच माणूस आहे." दोन तास मी मध्ये बसून इकडचं तिकडं करत होतो. दोघांनी मला एकदाही धड बघितलं नाही, एकमेकांकडंच बघत होते.

नंतर मी विचारलं, मामांना काय सांगणार? म्हणाले, "दोन्ही सांगणार. हाकललंस तेही, शोधलंस तेही. वजन मामा करतील."

पायात अजून जोर नाही. नाक्यापलीकडं सोडायला मी जाईन म्हणालो, तर म्हणाले, पकडलं तर तुझ्या जिभेपायी दोघंही जाऊ, दगडोबा येईल तेव्हा त्याच्या गाडीतून जाईन. त्याची वाट आठवडाभर बंद आहे म्हणे. हे पत्र कसं पोचवायचं याचीच काळजी आहे. पाडव्याच्या आत पोचू दे.

लक्ष्मम्माला जेवायला सांग.

ईरण्णा

*

सोलापूर,
१७ एप्रिल १९४८

ईरण्णा,

काका आणि तुझं पत्र एकाच गाडीतून आले. पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी.

मामीनं त्यांना ओवाळलं आणि तिथंच बसून रडली. काकांनी सांगितल्याप्रमाणं दोन्ही सांगितलं. तू पाणी दिलं नाहीस हे आलं तेव्हा मामा उठून आत गेले. पिंजाऱ्याच्या घरचं ऐकायला बाहेर आले. कापडाची गोष्ट आली तेव्हा त्यांच्या मिशीखाली हसू आलं, मी बघितलं.

आता पुढचं तू बसून वाच. काका बेपत्ता झाले म्हणून मामा नाक्यावर चकरा मारत होते, तिथं त्यांना कुणी विचारेना. विजापूरच्या सूतवाल्यांची माणसं नाक्याच्या दोन्ही अंगाला आहेत. ते म्हणाले, आम्ही शोधतो, तुमचा माणूस तो आमचा माणूस. आमचा म्हणजे काय, ते मामांना कळलं. पाडव्याच्या दिवशी गूळ वाटून सोयरीक पक्की केली. वैशाखातली तिथी आहे, अक्षयतृतीयेनंतरची.

तुझं पत्र तीन दिवस आधी आलं असतं तर. मी हे रोज म्हणते, दाजी म्हणतात म्हणू नकोस.

मी मामांच्या पाया पडले. म्हणाले, "चन्ना, पंचवीस घरं आणि तिकडची चार गावं माझ्या तोंडच्या शब्दावर माल देतात-घेतात. कागद कुठंच न्हाय. पोरीसाठी एक शब्द फिरवला तर उद्या शिवलिंगप्पांचीच तूर कोण घेईल?" 

तूर मात्र ते घेणार आहेत, सगळी, आणि वाट सूतवाल्यांनी लावून दिलीय. आणि एक निरोप आहे, मला लिहायला जड जातो. नवे जावई इथंच दुकानात बसणार. त्यांना तिकडची माणसं ठाऊक नाहीत, उर्दूचा गंध नाही. मामा म्हणतात, ईरण्णानं यावं, त्यांच्या शेजारी गादीवर बसावं. काकांनीच तुझी भलामण केली.

लक्ष्मम्मानं विचारलं, "तो येणार काय?" मी म्हणाले, माहीत नाही. ती म्हणाली, "येऊ नको म्हणून लिही." मग थोड्या वेळानं परत आली, म्हणाली, "मी असं म्हणाले ते लिहू नको." मी लिहिलंय. तू ठरव.

चन्नम्मा

*

बेंबळी,
२९ एप्रिल १९४८

अक्का,

दोन कागद फाडले. पहिल्यात मामांना शिव्या होत्या, दुसऱ्यात मी विजापूरला जाऊन काय करणार ते होतं. हा तिसरा.

मामांना सांग, तूर निघाली. दगडोबाच्या तीन गाड्या आज गेल्या, उरलेल्या परवा. लाडलेसाबचा कापूसही त्यातच आहे, कापड आधी ही अट त्यानं माझ्या शब्दावर सोडली. मांजरपाट तिकडून निघाला की मला कळव, तो त्याच्याकडं मी नेऊन देईन. इकडची सगळी बोलणी मी बघतो. कन्नड घरांत अप्पा येतात बरोबर, म्हणजे माणसं दार उघडतात. बाकीकडं मी एकटा जातो. चार गावं मला आता ओळखतात.

पण गादीवर येत नाही. तिचा नवरा शेजारी बसणार, दुपारी डबा घरून येणार, तो मला आपल्या कन्नडात विचारणार, ईरण्णा, आज बेंबळीचा भाव काय? आणि मला नीट, आपुलकीनं सांगावं लागणार. तिनं सांगायच्या आधीच मला हे जमणार नव्हतं. तिला असं कळव की तिनं काही सांगितलंच नव्हतं.

काल गाड्या भरताना अप्पा स्वतः तराजूशी उभे होते. पोत्यावर हात फिरवत होते, खुशीत होते. मामांनी सगळी तूर घेतली याचा एकच अर्थ त्यांच्या डोक्यात बसलाय, आणि अव्वाला मी गप्प राहायला सांगितलंय, गाड्या नाका ओलांडेपर्यंत. शेवटचं पोतं चढलं तसं अप्पांनी विचारलं, "मग, तिथी कधीची धरली मामांनी?"

मी म्हणालो, "वैशाखातली. अक्षयतृतीयेनंतरची."

ते "बरं" म्हणाले आणि बैलांच्या पाठीवर थाप मारली. कुणाची, ते त्यांनी विचारलं नाही.

ईरण्णा